मर्टलबाईंच्या मागची रांग

"चाळीस पोरं म्युझियममध्ये नेली आणि चाळीसच्या चाळीस परत आणली! त्यापुढे एक स्कूटर म्हणजे काय गं?"

हे मर्टलबाई हॉपवुड यांनी न्यूकॅसलच्या बंदरावर उभं राहून, म्हणजे खरं तर बसून, आपल्या धाकट्या बहिणीला ऐकवलं. त्या ज्या स्कूटरवर बसल्या होत्या ती आपल्या ओळखीची, किक मारून धूर सोडणारी स्कूटर नव्हे. गुडघ्यांनी संप पुकारलेल्या माणसांसाठी असते ती, बॅटरीवर चालणारी, चार चाकांची, पुढे टोपली असलेली. रंग लालभडक. वेग इतका, की शेजारून चालणाऱ्या कुत्र्याला अधूनमधून थांबून वाट बघावी लागे.

"त्यातली दोन पोरं दुसऱ्याच शाळेची होती," आयव्ही म्हणाली.

"संख्या बरोबर होती ना? मग झालं तर!"

मर्टलबाईंनी जन्मभर बालवर्ग शिकवला होता, त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट शिस्त लावली की वळणावर येते असा त्यांचा ठाम विश्वास होता. आयव्ही तेवढी अजून वळणावर यायची होती. ती फक्त सत्तरीची होती.

जहाजाच्या दाराशी सुरक्षा अधिकारी मिस्टर ड्रमंड उभे होते. उंच, सरळ, आणि आत्ताच इस्त्री करून ठेवल्यासारखे. त्यांनी आधी स्कूटरकडे पाहिलं, मग मर्टलबाईंकडे.

"बाईसाहेब, एक नियम आहे. स्कूटर केबिनच्या आत ठेवायची. बाहेर वाटेत बंद करून ठेवलेली दिसली, की ती थेट खाली गोदामात. मग ती न्यूकॅसलला परत आल्यावरच मिळेल."

"वाटेत सोडायला ती काय छत्री आहे?"

"सगळे असंच म्हणतात," मिस्टर ड्रमंड यांनी सुस्कारा सोडला. "गेल्या सफरीत गोदामात सहा जमल्या होत्या."

मर्टलबाई हसल्या खऱ्या, पण तो नियम त्यांनी मनात दोनदा घोकला. कारण त्या काही नॉर्वेचे डोंगर बघायला निघाल्या नव्हत्या. डोंगर त्यांच्या यॉर्कशरमध्येही होते, आणि तिथं चहा स्वस्त मिळायचा. त्या निघाल्या होत्या सोल्वेगला भेटायला.

शाळेत असताना त्यांच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येक मुलीला नॉर्वेतली एक पत्रमैत्रीण मिळवून दिली होती. बाकीच्या मुलींची पत्रं नाताळपर्यंत आटोपली. मर्टल आणि सोल्वेग मात्र साठ वर्षं लिहीत राहिल्या. लग्नं, बाळंतपणं, शेळ्या, गुडघे, सगळं एकमेकींना ठाऊक. फक्त भेट तेवढी कधी झाली नव्हती! सोल्वेग एका बेटावर राहायची आणि मोबाइलला हातही लावायची नाही. तिनं कळवलं होतं, की मी सकाळी बर्गनच्या धक्क्यावर येऊन उभी राहीन. तुझे गुडघे कुरकुरले आणि तू उतरू शकली नाहीस, तर मी समजून घेईन आणि दुपारच्या फेरीबोटीनं घरी जाईन.

म्हणजे स्कूटर गेली गोदामात, की सोल्वेग गेली बेटावर! इतका साधा हिशेब होता.

केबिनच्या दारातून स्कूटर आत गेली. चौकटीचा थोडा रंग सोबत आला, पण गेली. मर्टलबाईंनी विजयी मुद्रेनं ती थेट भिंतीपर्यंत नेली आणि बंद केली. तेवढ्यात बाथरूममधून आवाज आला.

"मर्टल, दार उघडत नाहीये!"

"दार उघडतंय गं. स्कूटर आडवी येतेय."

"मग हलव की ती!"

"हलवते, पण आधी मला खाली उतरावं लागेल, आणि उतरायला जागा तुझ्या दारापुढेच आहे. घाई आहे का तुला?"

आतून आवाज आला, "नाही, बसलेच आहे. पण चहा मिळेल का?"

आता इथं जरा थांबा आणि त्या केबिनच्या भिंतीकडे नीट बघा. भिंतीवर प्लग लावायची जागा एकच होती. तिथं स्कूटरचा चार्जर लावायचा होता, आणि तिथंच किटलीही लावायची होती. मर्टलबाईंनी स्कूटरवर बसल्या बसल्याच नुकताच लावलेला चार्जर काढला, किटली लावली, चहा केला आणि बाथरूमच्या दाराच्या फटीतून बहिणीला कप दिला. बशी फटीतून जाईना, म्हणून ती दाराबाहेर धरून बसल्या.

"आणि बिस्कीट?" आतून आवाज आला.

बिस्कीटही गेलं.

दुसरा अख्खा दिवस समुद्रात गेला. बाहेर वारा, पाऊस आणि करड्या रंगाचं पाणी. अशा हवेत दोन इंग्रज बहिणी काय करणार? सकाळी उठल्यावर चहा. नाश्त्याआधी चहा. नाश्ता पचावा म्हणून चहा. लाट मोठी आली म्हणून धीर यावा यासाठी चहा, आणि लाट गेली म्हणून चहा! दरवेळी कुणीतरी एकजण चार्जर काढून किटली लावायची, आणि दरवेळी तिला वाटायचं, की चार्जर परत दुसरी लावेल. दोघींचा एकमेकींवर फार विश्वास होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज बर्गनला लागलं. खिडकीतून मर्टलबाईंनी पाहिलं, तर धक्क्यावर रिमझिम पावसात निळा रेनकोट घातलेली एक उंच बाई उभी होती. हातात कागदाचा छोटासा इंग्लंडचा झेंडा! भिजून तो चपातीसारखा लोंबत होता, तरी ती तो उंच धरून होती.

"आयव्ही! सोल्वेग! ती बघ!"

"थांब, एवढा कप संपवते आणि आलेच तुझ्याबरोबर."

"मुळीच नको! तू आलीस की सूचना करत बसतेस. मी एकटी जाणार. तू आपली जिन्यानं ये."

आणि मर्टलबाई निघाल्या. लिफ्टनं खाली उतरल्या, डावीकडे वळल्या. बाहेर पडायचं दार समोरच्या रुंद बोळाच्या टोकाला होतं. तिथून गार वारासुद्धा येत होता. आणि स्कूटर "ट्वीं" असा आवाज करून थांबली.

मर्टलबाईंनी चावी फिरवली. काही नाही. हँडलवर थाप मारली. काही नाही. मग त्यांनी वर्गात वापरायचा तो खास आवाज काढला. त्या आवाजानं एकदा शाळा तपासायला आलेले साहेबसुद्धा हाताची घडी घालून बसले होते. पण स्कूटर ढिम्म!

आता आली का पंचाईत! पायी जावं तर गुडघे दहा पावलांत बसकण मारणार. जहाजाच्या चाकाच्या खुर्च्या सकाळीच सगळ्या नंबर लावून गेलेल्या. कुणाला हाक मारावी, तर ती मिस्टर ड्रमंड यांच्या कानावर जाणार. आणि वाटेत बंद पडलेली स्कूटर म्हणजे गोदाम!

डाव्या हाताला एक पांढरं, बंद दार होतं. त्याच्यावर पाटी नव्हती, काही नव्हतं. मर्टलबाईंनी कशीबशी मान आणि खांदे त्या दाराकडे वळवले, पर्स मांडीवर उभी ठेवली, पाठ ताठ केली आणि आपण मुद्दामच इथं थांबलो आहोत असा चेहरा केला. कुणीतरी एकटंदुकटं सज्जन माणूस आलं, की हळूच मदत मागावी असा बेत होता.

सज्जन माणूस आलं. मिस्टर पिलबीम, निवृत्त पोस्टमास्तर. ज्या माणसाचा सगळा जन्म काउंटरच्या पलीकडून रांगा बघण्यात गेला, त्याला रांग दिसायला कितीशी माणसं लागणार? त्यांनी मर्टलबाईंकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, आणि ते शांतपणे त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"बराच वेळ झाला का?" त्यांनी अदबीनं विचारलं.

"थोडा झाला," मर्टलबाई म्हणाल्या. "अहो, मला जरा—"

"नाही नाही, तुम्ही पहिल्या आहात! आम्ही मागेच बरे."

तेवढ्यात एक जोडपं आलं. त्यांनी पाहिलं, की दोन माणसं एकामागे एक उभी आहेत. लगेच तेही उभे राहिले. मग तीन मैत्रिणी आल्या. मग एक संपूर्ण चर्चचं भजनी मंडळ. इंग्रज माणसाला आपण कुठं चाललो होतो याचा विसर पडेल, पण समोर रांग असताना पुढे निघून जाणं त्याला जमत नाही. आणि ही रांग कशाची, असं विचारणं तर त्याहून अवघड. इतक्या लोकांना माहीत असलेली गोष्ट आपल्यालाच माहीत नाही, हे कुणी आपल्या तोंडानं सांगतं का?

त्यामुळे अंदाज सुरू झाले.

"हिमनदीच्या सहलीची तिकिटं असणार."

"छे! पावसामुळे पैसे परत देताहेत म्हणे."

"मला वाटतं कॅप्टन हात मिळवणार आहेत."

"मग केस विंचरून आले असते की हो!"

बघता बघता रांग लिफ्टला वळसा घालून जिन्यापर्यंत गेली. "मी रांगेत नाहीये हो!" मर्टलबाई एकदा म्हणाल्यासुद्धा. सगळ्यांनी कौतुकानं माना हलवल्या. काय विनय आहे बाईंचा!

इतक्यात ते पांढरं दार आतून उघडलं. आतून बादली घेतलेली एक सफाईवाली डोकावली, कारण ती झाडू ठेवायची खोली होती. समोर शंभर-सव्वाशे माणसं आपल्याकडे आशेनं बघताहेत हे पाहून तिचे डोळे पांढरे झाले. ती मागे सरकली आणि तिनं आतून कडी घातली.

"तात्पुरतं बंद," मिस्टर पिलबीम यांनी मागे वळून सांगितलं. "चहाची सुट्टी असेल."

"असायलाच पाहिजे," मागून आवाज आला. "तीही माणसंच आहेत."

आणि रांग जास्तच घट्ट झाली. काउंटर बंद झालं, म्हणजे काउंटर आहे हे नक्की!

मग आले मिस्टर ड्रमंड. मर्टलबाईंनी पाठ आणखी ताठ केली. पण मिस्टर ड्रमंड यांना दिसली ती एक मोठी, सुबक, शांत रांग. ही कशाची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि अधिकाऱ्यानं तसं कबूल करणं बरं दिसत नाही. स्कूटर वाटेत होती, पण ती रांगेत होती. रांगेत उभी असलेली गोष्ट कुणी सोडून दिलेली कशी म्हणायची? त्यांनी घसा साफ केला, दोन माणसं बोलावली, आणि रांगेला वळणं देण्यासाठी खांब आणि दोर लावून घेतले.

"आता कसं नीट झालं," ते म्हणाले आणि जायला निघाले.

मर्टलबाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच जिन्यावरून आयव्ही उतरली.

"मर्टल! अगं, ती बिचारी खाली भिजून चिंब झालीय! तू इथं काय करतेयस?"

"हळू बोल! इकडे ये आधी, जवळ ये!"

आयव्ही एक पाऊल पुढे आली आणि थबकली. सव्वाशे माणसं तिच्याकडे बघत होती. मधे घुसणारी बाई! आयव्हीचा चेहरा लाल झाला. "अगं बाई, माफ करा हं," असं पुटपुटत ती दोर ओलांडून, जिन्यापर्यंत चालत गेली आणि रांगेच्या शेवटी उभी राहिली!

आता बहीण पुढच्या टोकाला, बहीण मागच्या टोकाला, आणि मधे सव्वाशे माणसं. पण रांगेतली माणसं फार मदत करणारी असतात. निरोप हातोहात पुढे येऊ लागले.

"तुमच्या बहीणबाई विचारताहेत," मिस्टर पिलबीम म्हणाले, "की तुम्ही का थांबलात?"

मर्टलबाईंनी मान मागे वळवली. मग त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "तिला म्हणावं, चार्जर कुणी काढला होता?"

निरोप मागे गेला. उत्तर आलं.

"त्या म्हणतात, शेवटचा चहा तुम्हीच केलात."

"शेवटचा? तो तिनंच मागितला होता! सांगा तिला!"

"त्या म्हणतात, त्यांनी एक मागितला होता. दुसरा तुम्ही स्वतःसाठी केलात."

"किटली गरमच होती ना!"

यावर रांगेत दोन पक्ष पडले. भजनी मंडळाचं म्हणणं, की ज्यानं प्लग काढला त्यानंच परत लावायचा. त्या तीन मैत्रिणींचं म्हणणं, की चहा ज्यानं केला त्यानं अजून काय काय करायचं? बाकीची कामं पिणाऱ्यानं करावीत!

"आमच्या घरी यावरून लग्न मोडायची वेळ आली होती," मधूनच कुणीतरी म्हणालं.

आणि एवढा वाद झाल्यावर शेवटचा निरोप आला तो साऱ्या जहाजाला ऐकू जाईल अशा आवाजात. "बहीणबाई म्हणतात, चूक कुणाचीही असो, बॅटरी मेलीय हे कबूल कर आणि मदत माग!"

मिस्टर ड्रमंड जागच्या जागी वळले.

"बॅटरी मेलीय?"

खोलीत लपलेल्या सफाईवालीची बादलीसुद्धा वाजेना.

"हो," मर्टलबाई म्हणाल्या. आवाज एकदम लहान झाला होता, बालवर्गातल्यासारखा. "बंद पडलीय. मी रांगेत नव्हतेच. मला खाली जायचंय. खाली माझी मैत्रीण उभी आहे. साठ वर्षं झाली, आणि ती दुपारच्या बोटीनं जाईल."

मिस्टर ड्रमंड यांचा चेहरा मऊ पडला, पण नियम मऊ पडेना. "बाईसाहेब, मग ही वाटेत बंद पडलेली स्कूटर झाली. मला ती गोदामात न्यावी लागेल."

"थांबा!" मिस्टर पिलबीम पुढे आले. म्हणजे पुढे आले नाहीत, जागा न सोडता फक्त बोट वर केलं. "या बाई रांगेत पहिल्या आहेत! पहिला माणूस उचलून नेलात तर आमचं काय? आम्ही कशाच्या मागे उभे राहायचं?"

"बरोबर!" सगळी रांग म्हणाली.

"पण रांग कशाची आहे?" शेवटी मिस्टर ड्रमंड यांच्या तोंडून निघून गेलंच.

यावर कुणी कुणाकडे बघेना. मग मिस्टर पिलबीम यांनी पोस्टमास्तरांना शोभेल अशा ठामपणे सांगितलं, "यांच्या मैत्रिणीला भेटण्याची!"

भजनी मंडळातल्या एका आजोबांनी स्कूटरच्या मागे वाकून पाहिलं. त्यांच्या बायकोकडे तशीच स्कूटर होती. तिथला एक पिवळा दांडा त्यांनी खाली दाबला आणि चाकं मोकळी झाली. मिस्टर पिलबीम यांनी सीटच्या पाठीवर हात ठेवून जोर लावला, आणि मर्टलबाई हलल्या! त्यांच्यामागे मिस्टर पिलबीम, त्यांच्यामागे ते जोडपं, मग मैत्रिणी, मग भजनी मंडळ. दोराच्या वळणांतून वळत वळत सगळी रांग निघाली. कुणी पुढे गेलं नाही, कुणी मागे राहिलं नाही. जहाजाच्या दारातून उतारावर, आणि उतारावरून धक्क्यावर! मिस्टर ड्रमंड दारात उभे राहून बघत राहिले. चालणारी स्कूटर वाटेत बंद पडलेली कशी म्हणायची, याचं उत्तर त्यांच्या नियमात नव्हतं.

सोल्वेग फेरीबोटीकडे जायला वळली होती. मागून आवाज आला म्हणून तिनं पाहिलं, तर लाल स्कूटर, स्कूटरवर मर्टल, आणि मर्टलच्या मागे जहाजापर्यंत माणसंच माणसं!

"मर्टल?"

"सोल्वेग!"

दोघींनी एकमेकींना मिठी मारली. साठ वर्षांत लिहून न झालेलं सगळं एकदम ओठांवर आलं. मर्टलबाई बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात मागे मिस्टर पिलबीम हळूच खाकरले. आणि पाठीमागचे हात, अगदी सौजन्यानं, स्कूटर बाजूला करू लागले.

"झालं ना तुमचं, बाई? बाकीचेही थांबलेत हो."

काय बोलणार? बरोबरच होतं त्यांचं! मिस्टर पिलबीम यांनी सोल्वेगचा हात हातात घेतला. "भेटून फार आनंद झाला." मग जोडप्यानं हात मिळवला. मग मैत्रिणींनी. सोल्वेगला वाटलं, इंग्लंडमध्ये मैत्रीण भेटायला आली की गाव घेऊन येत असावी. नॉर्वेच्या माणसाला पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. ती उभी राहून प्रत्येकाला नाव विचारत होती, गाव विचारत होती. भजनी मंडळानं तर एक भजन म्हटलं. भजन चालू असताना दुपारची फेरीबोट भोंगा वाजवून निघून गेली, आणि सोल्वेगला ती दिसलीसुद्धा नाही.

मर्टलबाईंनी बाजूनं एकदा स्कूटर पुढे सरकवून घेण्याचा प्रयत्न केला. पन्नास डोळे त्यांच्याकडे वळले. मग त्यांनी जवळच्या आजोबांना सांगून ती शेवटपर्यंत ढकलून नेली आणि आयव्हीच्या मागे उभी केली.

"भेटली का?" आयव्हीनं विचारलं.

"भेटले की. पण बोलले नाही."

"मी बोलेन हो तुझ्याबद्दल," आयव्ही म्हणाली. आणि तिचा नंबर आल्यावर ती खरंच बोलली. बाथरूम, चहा, चार्जर, सगळं! मर्टलबाई पावसात पर्स मांडीवर धरून थांबल्या.

अखेर त्यांचा नंबर आला. सव्वाशे हात मिळवून सोल्वेगचे डोळे भिरभिरले होते, हात जड झाला होता, आणि चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू तसंच चिकटून राहिलं होतं. तिनं मर्टलबाईंचा हात धरून अदबीनं हलवला.

"भेटून आनंद झाला," ती म्हणाली. "आपण कुठल्या?"

मर्टलबाईंनी मान वळवून मागे पाहिलं. मागे आता कुणीही नव्हतं.

"बस बाई त्या बाकावर," त्या हात न सोडता म्हणाल्या. "सांगते."